तिसरी पिन

द्वारका, नवी दिल्ली
१४ जुलै २०२५

ताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडताच टाकून देशील, म्हणून पत्ता मयुराकडून लिहून घेतला. फोनचा उपयोग नव्हता. तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला नऊ वर्षं होत आली, आणि मध्ये एकदा अलकाच्या फोनवरून केला तर माझं 'हॅलो' ऐकून ठेवून दिलास. सरकारी नोकरीत आयुष्यभर पत्रंच ड्राफ्ट केली, पण सख्ख्या बहिणीला लिहायचं म्हटल्यावर मायना सुचेना.

घरी सगळं बिल्कुल ठीक आहे. अण्णा चौऱ्याऐंशीचे झाले. अजून सकाळी सोसायटीच्या बागेत चार म्हातारे जमवून त्यांना देश कसा चालवावा ते सांगतात. अलकाचे गुडघे दुखतात. मयुराने नोकरी सोडली आणि मैत्रिणीबरोबर गुरुग्रामला कॅफे काढते आहे. दसऱ्याला उद्घाटन. जुन्या वस्तूंचा कॅफे आहे म्हणे, टाइपरायटर, रेडिओ, असलं सगळं मांडणार. आणि मधोमध तिला आपलं मशीन हवंय.

हो, तेच. कॉलनीच्या क्लबने लिलावात काढलेलं, अण्णांनी टेम्पोत घालून घरी आणलेलं आणि तू डिप्लोमाला असताना जिवंत केलेलं व्हिडिओ गेमचं मशीन. आईचं ते झालं तेव्हापासून आमच्या बाल्कनीत ताडपत्रीखाली उभं आहे. मी भंगारात द्यायला निघालो होतो, अण्णांनी देऊ दिलं नाही. गेल्या आठवड्यात करोल बागेतून एक मेकॅनिक बोलावला. बटण दाबलं तर काहीच होईना. म्हणाला, "साहब, बोर्ड गया. एलसीडी लगवा लो, चायना का बोर्ड डाल देता हूँ, हज़ार गेम आएँगे." मयुराचं तोंड एवढंसं झालं. तिला तोच विमानांचा गेम हवाय, तोच फुगीर काचेचा पडदा. म्हणाली, "बाबा, आत्याला विचारा ना. तिच्याशिवाय हे कोणाला येणार?"

जुनं काही उकरायचं नाही, ताई. अण्णा तेव्हा जे बोलले ते दुःखात बोलले. तू फक्त काय तपासायचं ते लिही, मी तसं करतो. पोरीसाठी कर.

राघव

---

सातारा
२३ जुलै २०२५

राघव,

पाकीट फोडलं, कारण अक्षर मयुराचं होतं. असली युक्ती तुलाच सुचणार.

नऊ वर्षांनी तुला बहीण आठवली ती मशीन बंद पडलं म्हणून. आणि 'आईचं ते झालं' असं काय लिहितोस? आई खंडेनवमीला त्या मशीनची पूजा करताना विजेचा धक्का बसून गेली. त्याआधी गणपतीत मी दिल्लीला येऊन त्याचा पॉवर सप्लाय बदलून दिला होता. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने टेस्टर लावला आणि म्हणाला, "इसमें अर्थिंग ही नहीं है." मग तेराव्याला, पंगत बसलेली असताना, सगळ्या गोतावळ्यासमोर अण्णा म्हणाले, "एवढी शिकली, पोरांना शिकवते, आणि अर्थिंग जोडायला विसरली. तिच्या हाताने सरला गेली." तू भात वाढत होतास. माझ्या पानापाशी आला होतास. मला न वाढता पुढच्या पानाकडे गेलास. हे मला उकरून काढावं लागत नाही, वरच असतं.

परत आल्यावर मी पॉलिटेक्निकची लॅब सोडली. तेव्हापासून परीक्षा विभागात बसते, हॉल तिकिटांवर शिक्के मारते. मल्टिमीटर कपाटात आहे.

तरी सांगते, मयुरासाठी. माझ्या अटी अशा की मी लिहीन तेवढंच करायचं, आणि तुला काय वाटतं ते न लिहिता काय दिसतं ते लिहायचं. फोन करू नकोस. फोनवर तू 'हो हो' म्हणतोस आणि ऐकत नाहीस.

आधी प्लग काढ. काढलेला प्लग डोळ्यांसमोर ठेव आणि एक पूर्ण दिवस जाऊ दे, कारण पडद्याच्या नळीत वीज साठून राहते. मागची फळी उघडलीस की नळीच्या मागच्या लाल रबरी टोपीला कोणीही हात लावायचा नाही. खाली डाव्या कोपऱ्यात काचेचा फ्यूज आहे. तो उजेडात धरून बघ, आतली तार तुटली असेल तर त्याच आकड्याचा नवा घाल. तुझ्या त्या मेकॅनिकने तेवढंही पाहिलं नसणार. मग जिथे नाणं टाकतात त्या लोखंडी दारामागे एक हिरवी वायर येते, ती स्क्रूने पक्की आहे का ते बघ. मी स्क्रू आवळला की त्यावर नेलपॉलिशचा ठिपका देते, म्हणजे नंतर कोणी हलवला तर कळतं. ठिपका आहे का ते लिही. वायर कुठून कुठे जाते ते लिही. प्लगही नीट बघून लिही.

उत्तरा

---

द्वारका
४ ऑगस्ट २०२५

ताई,

कमाल केलीस! फ्यूजच होता! आठ-दहा रुपयांची काचेची नळी, आणि तो गाढव सांगतो बोर्ड गया.

सांगितलंस तसंच केलं. रविवारी मी आणि मयुराने मागची फळी उघडली. बाप रे, काय काय निघालं. झुरळं, कोळ्याची जाळी, आणि नाण्याच्या खाचेखाली, लाकडी तळावर, हळदीकुंकवाचा जाड थर. दगडासारखा झालेला. त्यात अक्षता, वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या, एकेक रुपयाची नाणी. आई दर खंडेनवमीला खाचेतून दक्षिणेचा रुपया टाकायची, वरून हळदकुंकू, फुलाने पाणी शिंपडायची, ते सगळं वर्षानुवर्षं आत साचत गेलं. वायरी जिथे येऊन मिळतात त्या पट्टीवरसुद्धा लाल पापुद्रा होता. मयुराने चमच्याने खरवडून सगळं काढलं. रडली थोडी. आजीची तिला फार सवय होती.

फ्यूज घातला आणि लावलं, तर पडदा उजळला! पण चित्र नाही, नुसती गिचमिड. अक्षरं, चौकोन, रेघा, जसं कोणी रांगोळीवर पाय फिरवलाय. आवाजही घोगरा. याचं काय करायचं?

हिरवी वायर आहे. दारामागे स्क्रूने घट्ट बसवलेली, मी ओढून पाहिली, हलत नाही. आणि हो, ठिपका आहे, मरून रंगाचा. मयुरा म्हणाली, "आत्याची शेड!" वायर तिथून खाली पट्टीला जाते आणि पट्टीवरून प्लगच्या केबलमध्ये. पट्टीवरच्या स्क्रूलाही ठिपका आहे.

बाकी ठीक. चालू असताना मयुराचा हात दाराला लागला तर थोडं झिणझिणलं, एवढंच. अच्छा, दिल्लीत हे सगळीकडेच होतं, आमच्या गीझरलाही येतं.

आता गिचमिडीचं सांग.

राघव

---

सातारा
९ ऑगस्ट २०२५

राघव,

झिणझिणलं, एवढंच?

तुझं पत्र वाचता वाचता मी मयुराला फोन केला. तिने प्लग काढला आहे आणि मी सांगेपर्यंत लावणार नाही असं वचन दिलं आहे. तिला बाकी काही विचारलं नाही. विचारायचं ते तुला विचारते, आणि तुझ्याकडून लेखी हवं आहे.

आता नीट वाच, पोर समजून समजावते. हिरवी वायर ही विजेची जमिनीत जायची वाट असते. आत कुठे करंट भलतीकडे गेला, पत्र्याला लागला, तर तो या वाटेने निघून जातो आणि फ्यूज उडतो. माणसाला काही होत नाही. ही वाट सलग असती तर मयुराला झिणझिण्या आल्या नसत्या. तू लिहितोस दारापाशी घट्ट आहे, पट्टीपाशी घट्ट आहे. म्हणजे वाट पुढे कुठेतरी तुटली आहे. पुढे केबल आणि प्लग, एवढंच आहे. प्लग बघून लिही म्हटलं होतं, ते तू लिहिलं नाहीस.

तुला खरं सांगते, मशीनसाठी मी पहिलं पत्र लिहिलंच नव्हतं. त्या स्क्रूसाठी लिहिलं होतं. नऊ वर्षं मी तो स्क्रू आठवते आहे. आवळला होता का? अण्णा मागे उभे राहून घाई करत होते, आई जेवायला हाका मारत होती, त्यात राहून गेला का? कधी वाटायचं आवळला, कधी वाटायचं नाही. सगळे म्हणाले तू विसरलीस, आणि हळूहळू मलाही तसंच आठवायला लागलं. परवा तुझं 'ठिपका आहे' वाचलं आणि ओट्यापाशी खाली बसले. किती वेळ बसले होते कोण जाणे. दूध उतू गेलं, ते पुसलं नाही.

मी विसरले नव्हते, राघव. मग आई कशाने गेली, ते मला कळायला हवं. मला दुसरं काही नको. प्लग बघ.

गिचमिडीचं असं. प्लग काढलेला असताना बोर्ड हळूच ओढून काढ. त्याच्या कडेला पितळी दात असतात, ते साध्या पेन्सिलच्या खोडरबराने घासून चकचकीत कर. बोर्डावरच्या ज्या चिपा खोबणीत बसवलेल्या आहेत त्या अंगठ्याने एकेक दाबून बसव. पण दुरुस्त अर्थिंगशिवाय चालू करायचं नाही. हे तुला शपथ घालून सांगते आहे.

उत्तरा

---

द्वारका
२४ ऑगस्ट २०२५

ताई,

उशीर झाला, माफ कर. ऑफिसात ऑडिट, घरी गणपतीची तयारी. बुधवारी बाप्पा येतील. अलकाने तुझ्या पद्धतीने तळणीचे मोदक करायचं ठरवलंय.

खोडरबराने जादू केली! मयुराने सगळे दात घासले, मी चिपा दाबल्या, एक दाबताना टक् आवाज आला. मग लावलं आणि चित्र आलं! तीच काळी पार्श्वभूमी, वरून येणारी विमानं, खाली आपलं छोटं जहाज. आवाजही आला. मयुरा नाचली. शेजारचे बघायला आले. फक्त सगळं निळं-हिरवं दिसतं, लाल रंगच नाही. जी विमानं लाल असायची ती दिसतच नाहीत, न दिसता गोळ्या घालतात. आम्ही सगळे भराभर मरतो आहोत. याला काय उपाय?

तुझ्या सूचनेप्रमाणे प्लग नवीन लावला, जुना झाला होता. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग टेस्ट करून घेतलं, आता सब ठीक. दाराला हात लावला तर काही होत नाही.

गणपतीला ये ना. दहा दिवस नाही तर विसर्जनाला तरी ये. अण्णाही थकले आहेत. परवा जिना चढताना थांबले होते.

राघव

---

सातारा
३१ ऑगस्ट २०२५

राघव,

लाल रंगाचं आधी सांगून टाकते, म्हणजे तुला ते विचारून विषय बदलता येणार नाही. बोर्डाकडून पडद्याकडे तीन रंगांच्या तीन वायरी जातात. लाल वायर टोकाला, जिथे ती पडद्याच्या पट्टीत घुसते, तिथे सोल्डरिंगचा डाग सुटला असेल. वरून बसलेली दिसते, ओढली की हातात येते. चांगल्या माणसाकडून पुन्हा डाग देऊन घे. नळीच्या टोपीचं मागे लिहिलं आहे ते विसरू नकोस.

आता प्लग. तू चार पानं लिहिलीस आणि त्यात प्लगला एक ओळ. 'जुना झाला होता' म्हणतोस. तो प्लग मी स्वतः त्या गणपतीत बाजारातून नवा आणून बसवला होता, त्यानंतर महिनाभर वापरला आणि मग नऊ वर्षं ताडपत्रीखाली होता. प्लग असा जुना होत नाही.

तू लहानपणी चड्डी भिजली की सांगायचास, "ताई, पाऊस पडला." उन्हाळ्यातसुद्धा. तोच आवाज येतो आहे या पत्रातून. प्लगला किती पिना होत्या?

गणपतीला यायचं म्हणतोस. आले तर कोणासमोर बसू? ज्यांनी मला आईला मारणारी ठरवलं त्यांच्यासमोर मोदक खात?

किती पिना होत्या, राघव?

उत्तरा

---

द्वारका
१० सप्टेंबर २०२५

ताई,

दोन. तिसरी, वरची जाडी पिन, मुळापासून कापलेली होती. करवतीने. कापल्याची जागा गुळगुळीत आहे, मोडल्यासारखी नाही.

तुझं ९ ऑगस्टचं पत्र आलं त्याच दिवशी मी ते पाहिलं. आधी मीच कितीदा तो प्लग सॉकेटमध्ये घातला होता, पण वर पिन आहे की नाही हे कोण बघतं. घरात करवत एकाच माणसाची आहे.

अण्णा चहा पीत होते. मी प्लग समोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, "हो, मीच कापली. देवघरापाशी दोन भोकांचं सॉकेट होतं, त्यात ही जाईना. पूजा चालू यंत्राची करायची असते, बंद डब्याची नाही. दिल्लीत सगळेच कापतात."

मी म्हटलं, "अण्णा, मग तेराव्याला ताईचं नाव का घेतलंत?"

ते म्हणाले, "सगळ्यांसमोर काय सांगणार होतो? मीच मारली म्हणून? उत्तरा काय, दोन दिवसांनी साताऱ्याला जाणार होती. मला इथेच राहायचं होतं."

जसं बोलले तसं लिहिलंय, एक शब्द बदललेला नाही. मला फार राग आला, ताई. तेवढ्यात त्यांचं बिस्किट चहात तुटून पडलं आणि ते म्हणाले, "चमचा देतोस?" मी दिला. काय करणार होतो? माझ्या घरात राहतात, त्यांच्या गोळ्या मी देतो, आंघोळीला गरम पाणी मी काढतो.

तुझ्यावर फार मोठा अन्याय झाला. हे मी लिहून देतो. तू काहीही विसरली नव्हतीस. पण ताई, आता ते चौऱ्याऐंशीचे आहेत, बीपी आहे, दोन वर्षांपूर्वी स्टेंट घातलाय. तुला कळलं, मला कळलं. अलकाला आणि मयुराला अजून सांगितलं नाही. आपल्या दोघांत राहू दे ना. बाहेर कळून आता आई थोडीच परत येणार आहे?

लाल रंग आला. तू म्हणालीस तोच डाग सुटला होता.

राघव

---

सातारा
१७ सप्टेंबर २०२५

राघव,

तुझं पत्र दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. हॉल तिकिटांवर शिक्के मारताना मध्येच उघडून 'दोन' हा शब्द वाचायचा आणि परत ठेवायचा. सुटल्यासारखं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. मग दुसऱ्या दिवशी अण्णांचं वाक्य वाचलं, 'मला इथेच राहायचं होतं', आणि संताप संताप झाला. त्यांना चार लोकांत राहायचं होतं म्हणून मी लोकांतून उठले. हा हिशोब त्यांनी तिथल्या तिथे, आईच्या तेराव्याच्या पानावर बसून केला. विसरले असते, घाबरले असते, तर मी समजू शकले असते. त्यांनी विचार करून माझं नाव घेतलं.

आईला मारलं असं मी त्यांना म्हणणार नाही. पिन कापताना त्यांना तसं काही ठाऊक नव्हतं. हळदीकुंकवाच्या पाण्याने ती पट्टी ओली होईल, करंट दाराला येईल, ओल्या हाताने आई त्यावर कुंकू लावेल, हे कोणाच्या मनात आलं असतं? तेवढं मी समजून घेते. पण ती पिन असती तर फ्यूज उडून दिवे गेले असते आणि आई 'अगंबाई' म्हणून हसली असती. हेही खरं आहे.

'आपल्या दोघांत राहू दे' म्हणतोस. दोष दोघांत दिला होता का रे? आपली चुलत बहीण देविका होती, तिचा भाऊ चिन्मय होता, प्रभामावशी होती, अण्णांच्या जुन्या ऑफिसातले लोक होते. देविकाने तेव्हापासून मला एका लग्नाला बोलावलं नाही. तिच्या मुलीच्या बारशाचे फोटो मी दुसऱ्यांच्या फोनवर पाहिले.

मयुराच्या उद्घाटनाला हीच सगळी माणसं येणार. त्यांच्यासमोर तू उभं राहून दोन वाक्यं म्हण. मीच लिहून देते, तुला ड्राफ्ट करायचे कष्ट नकोत. 'प्लगची पिन अण्णांनी कापली होती. उत्तराचं काम बरोबर होतं.' पुढे काही बोलू नकोस, अण्णांना बोल लावू नकोस, माझी स्तुती करू नकोस. अलकाला आणि मयुराला त्याआधी घरी सांग, त्यांना तिथे धक्का नको. हे केलंस तर मी दिवाळीला येईन. अण्णांच्या पायाही पडेन. तुझ्याने होणार नसेल तर तसं आधी कळव, मी राग मानणार नाही. पण अर्धवट काही करू नकोस.

मयुराला सांग, पूजा मशीन बंद करून, प्लग काढून करायची. कुंकू सुकं, वर लाकडावर. खाचेत काही टाकायचं नाही.

उत्तरा

---

द्वारका
५ ऑक्टोबर २०२५

ताई,

सोबत आपट्याचं पान आहे. दसऱ्याचं सोनं. वडील बहिणीला आधी द्यायचं, म्हणून बाकी कोणाला द्यायच्या आधी तुझं बाजूला काढून ठेवलं होतं.

उद्घाटन इतकं छान झालं! मशीन मधोमध, वर झेंडूची माळ, पूजा तू म्हणालीस तशी प्लग काढून. मग चालू केलं तर लहान-मोठे सगळे तुटून पडले. चिन्मय टाय सैल करून एवढा वेळ खेळला की त्याच्या बायकोने ओढून नेला. दिल्लीचे दोन-तीन पत्रकार आले होते, त्यांनी फोटो काढले. मयुराने सगळ्यांना सांगितलं की हे माझ्या आत्याने पत्रातून दुरुस्त केलं. टाळ्या पडल्या.

आणि ताई, मी बोललो. तू लिहिलेला कागद खिशात होता. जेवणाआधी सगळ्यांना थांबवलं. अण्णा समोरच खुर्चीवर बसले होते, नवा कोट घालून. माझ्याकडे बघत होते. तुझी वाक्यं जशीच्या तशी तोंडातून येईनात, म्हणून माझ्या शब्दांत सांगितलं. म्हटलं, "याच मशीनमुळे आपल्या घरात एक दुःखद घटना घडली. आता तपासल्यावर कळलं की वायरिंगमध्येच दोष होता. त्यात कोणाचीच चूक नव्हती. इतकी वर्षं मनात राहिलेलं सगळ्यांनी आज सोडून द्यावं." तू असतीस तर बघितलं असतंस, सगळे रडत होते. प्रभामावशीने मला जवळ घेतलं. देविका म्हणाली, "खरंच रे, किती वर्षं धरून बसायचं. माणसाच्या हातून होतं. उत्तराताईलाही आता माफ करून टाकूया." सगळे हो म्हणाले. अण्णांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "माझ्या मनात तिच्याविषयी काही नाही. तिला बोलवा."

अण्णा स्वतः म्हणाले, ताई! मला तर वाटलं, चलो, घर पुन्हा एक झालं. अलकाला आणि मयुराला पिनेचं सांगायचं राहिलं, पण आता त्याची गरजही उरली नाही असं मला वाटतं.

दिवाळीला तुझं तिकीट मी काढू का? राजधानीचं मिळतंय, पण पुण्याहून नाही, मुंबईहून. देविका स्टेशनवर घ्यायला येते म्हणाली आहे.

तुझा
राघव

---

सातारा
१३ ऑक्टोबर २०२५

राघव,

तिकीट काढू नकोस. तुझं सोनं परत पाठवते आहे. वाळून चुरा झाला आहे, पण ज्याचं त्याला.

मला माफ केल्याबद्दल देविकाचे आणि सगळ्यांचे आभार मान.

मी तुला अर्धवट काही करू नकोस म्हटलं होतं. नाही जमणार असं कळवलं असतंस तर मी अण्णांचं पाप पोटात घालून जशी आहे तशी राहिले असते, निदान तुझ्याशी तरी बोलत राहिले असते. तू दोन्ही केलंस. त्यांनाही सांभाळलंस आणि मलाही सांगितलं असं म्हणवून घेतलंस. चूक माझी होती तोवर तिला नाव होतं, ते सगळ्यांना पाठ होतं. ती अण्णांची निघाली आणि लगेच कोणाचीच राहिली नाही. वायरिंगची झाली. बिचाऱ्या वायरिंगला पंगतीत बसायचं नसतं.

गेल्या सोमवारी मी प्राचार्यांना भेटून लॅब परत मागितली. त्यांनी दिली. पहिल्या तासाला मुलं गावागावांतून आलेली, वह्या उघडून बसली होती. मी प्लग हातात घेतला, तिसरी पिन दाखवली आणि ही कशासाठी असते ते सांगितलं. मग म्हटलं, माझ्या वडिलांनी एकदा ही पिन करवतीने कापली आणि माझी आई गेली. मशीन मी दुरुस्त केलं होतं, माझं काम बरोबर होतं. तुझी दोन वाक्यं शेवटी मीच म्हटली, चाळीस अनोळखी पोरांसमोर. त्यांच्यातला कोणीही आपल्या घरातल्या कोणाला ओळखत नाही. कोणी रडलं नाही, कोणी मला जवळ घेतलं नाही. त्यांनी पिनेची आकृती काढून घेतली आणि तास संपला.

मशीन पुन्हा बिघडलं तर मयुराने मला थेट फोन करावा. मध्ये तू नकोस.

उत्तरा